आधी परतीची वाट, मग जेवणाची वेळ

सरोवरातून बोटीने पलीकडच्या काठावर जायचे, पाण्याला लागून असलेल्या उपाहारगृहात निवांत जेवायचे आणि दिवस मावळण्याच्या आत परतायचे, या बेताविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांमध्ये जाण्याची तयारी तपशीलवार लिहिलेली आहे आणि परतीचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकलेला आहे. माझ्या मते असा बेत परतीच्या प्रवासापासून सुरुवात करूनच आखला पाहिजे. खालील बऱ्याच उत्तरांमागे हाच विचार आहे.

प्रश्न : आम्ही चार मोठी माणसे आणि दोन मुले एका मोठ्या सरोवरावर लहान मोटरबोट भाड्याने घेणार आहोत. सकाळी अकराच्या सुमारास निघावे, पलीकडच्या काठावर दोन वाजता जेवावे आणि चार वाजता परत फिरावे असे ठरवले आहे. सकाळी पाणी अगदी संथ असते, असे सगळे सांगतात. हे वेळापत्रक योग्य आहे का?

उत्तर : बेत छान आहे, पण वेळा बदलाव्यात. सकाळच्या संथ पाण्यावरून दुपारच्या पाण्याचा अंदाज बांधता येत नाही. उन्हाच्या दिवशी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची गरम हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी सरोवरावरची गार हवा काठाकडे वाहू लागते. हा वारा सकाळी उशिरा सुरू होतो, दुपारी वाढत जातो आणि बहुधा संध्याकाळी पडतो. डोंगरांमधल्या सरोवरांवर दरीतले वारेही यात मिसळतात. ते इतके नेमाने येतात, की लोकांनी त्यांना नावे दिली आहेत. इटलीतील कोमो सरोवरावर सकाळी उत्तरेकडून येणारा वारा तिव्हानो आणि दुपारी दक्षिणेकडून येणारा ब्रेव्हा या नावाने ओळखला जातो. गार्डा सरोवरावर हीच जोडी पेलेर आणि ओरा या नावांनी प्रसिद्ध आहे. आपण परतीसाठी ठरवलेले चार वाजणे म्हणजे स्वच्छ दिवशी वारा ऐन भरात असण्याची वेळ आहे.

लाट किती उठेल हे तीन गोष्टींवर ठरते : वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो आणि त्याला मोकळ्या पाण्यावर धावायला किती अंतर मिळते. यातली तिसरी गोष्ट काठावर बसलेल्या माणसाची हमखास फसगत करते. वारा उपाहारगृहाच्या पाठीमागून पाण्याकडे वाहत असेल, तर समोरचे पाणी अगदी शांत दिसते, कारण लाटा तिथून नुकत्याच जन्म घेत असतात. त्या पुढे वाढत जातात आणि सर्वांत मोठ्या लाटा पोहोचतात त्या नेमक्या आपल्याला परतायचे असते त्या काठावर. शिवाय लाटा आपल्यापासून दूर जात असल्या की आपल्याला त्यांची पाठ दिसते, आणि पाठीकडून पाहिलेली लाट प्रत्यक्षापेक्षा बरीच लहान वाटते. म्हणून उठण्यापूर्वी धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जावे आणि दूरवर पाहावे. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मोजपट्टीनुसार ताशी 12 ते 19 किलोमीटर वाऱ्यात पाण्यावर विखुरलेले पांढरे फेसाचे तुरे दिसतात आणि ताशी 20 ते 28 किलोमीटरमध्ये ते जागोजागी दिसू लागतात. लहान, कमी काठाच्या, माणसांनी भरलेल्या बोटीसाठी हे दुसरे चित्र म्हणजे धक्क्यावरच थांबण्याची सूचना समजावी.

सरोवर उथळ असेल तर अधिक सावध राहावे. उथळ पाण्यात लाटा उभट आणि एकमेकींच्या पाठोपाठ येतात, त्यामुळे एका लाटेवरून उतरलेली बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर येण्याआधीच पुढची लाट तिच्यावर कोसळते. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांपैकी ईरी हे सर्वांत उथळ आहे, त्याची सरासरी खोली सुमारे 19 मीटर आहे, आणि त्याच्यावरचे पाणी फार लवकर खवळते अशी त्याची ख्याती आहे.

माझी सूचना अशी : साडेआठ-नऊला निघावे, साडेअकराला जेवायला बसावे आणि एकच्या आसपास परत फिरावे. टेबल आधी राखून ठेवताना लवकरची वेळ मागितली, तर गर्दीही कमी असते आणि धक्क्यावर जागाही मिळते. इंधनाचे तीन भाग कल्पून एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक राखीव ठेवावा, कारण समोरच्या वाऱ्यात आणि लाटांत येताना जाण्यापेक्षा जास्त इंधन लागते. परतण्याची वेळ काठावरच्या कुणाला तरी सांगून ठेवावी. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर जेवण लांबवावे. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले, की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळते. हे अंतर दहा किलोमीटर किंवा कमी असेल तर पाण्यावर जाऊ नये, आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास उलटेपर्यंत छपराखालीच राहावे.

प्रश्न : उपाहारगृहाच्या धक्क्याला बोट लावताना सगळे जेवणारे आमच्याकडेच पाहत असतात आणि घाईत हमखास बोट आपटते. धक्क्याला बोट लावण्याची नीट पद्धत समजावून सांगाल का?

उत्तर : पाहणाऱ्यांचा विचार मनातून काढून टाकावा आणि वाऱ्याचा विचार करावा. धक्क्यापासून बरेच आधी बोट थांबवून उपाहारगृहाचा झेंडा, छत्र्यांची झालर किंवा आधी बांधलेल्या बोटी कोणत्या बाजूला ओढल्या जात आहेत ते पाहावे. तिथेच थांबून दोर मोकळे करावेत आणि फेंडर, म्हणजे बोट घासू नये म्हणून बाजूला लावायच्या गाद्या, धक्क्याच्या उंचीला येतील असे टांगावेत. धक्क्याशी पोहोचल्यावर ही कामे करायला वेळ नसतो आणि घाई बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

वारा धक्क्याला समांतर असेल तर नेहमी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून यावे, म्हणजे वाराच ब्रेकचे काम करतो. वारा आपल्याला धक्क्याकडे ढकलत असेल तर दोन-तीन हात अंतरावर समांतर थांबावे आणि उरलेले अंतर वाऱ्याला कापू द्यावे. वारा धक्क्यापासून दूर लोटत असेल, तर मात्र थोड्या मोठ्या कोनातून नाळ आधी आणावी, पुढचा दोर लगेच अडकवावा आणि मग पिछाडी आत घ्यावी. हा तिसरा प्रकार सर्वांत अवघड असतो. पहिला प्रयत्न फसला तर खुशाल पुन्हा बाहेर जाऊन नव्याने यावे. आउटबोर्ड, म्हणजे पिछाडीला बाहेरून बसवलेल्या, इंजिनाची बोट गिअरमध्ये असतानाच वळते, म्हणून आधी सुकाणू हवे तिकडे पूर्ण फिरवावे, मग क्षणभर गिअर टाकावा आणि लगेच न्यूट्रल करावा. असे लहान लहान धक्के देत आलेली बोट ताब्यात राहते.

आता सर्वांत महत्त्वाचे. बोट आणि धक्का यांच्यामध्ये हात किंवा पाय कुणीही घालू नये. एक टन वजनाची बोट अगदी सावकाश सरकत असली तरी तिच्यात हाड मोडण्याइतका जोर असतो. बोट आपटली तर रंग निघेल, तो पुन्हा लावता येतो. धक्क्यावर उडी मारणेही टाळावे. बोट टेकल्यावर पाऊल टाकून उतरावे.

दोर बांधण्याचे लोखंडी शिंगाळे, ज्याला क्लीट म्हणतात, त्याच्यावर दोर कितीही वेळा गुंडाळला म्हणून तो पक्का होत नाही. दोर आधी बोटीपासून लांबच्या शिंगाखालून घ्यावा, बुडाभोवती एक पूर्ण वेढा द्यावा, मग दोन्ही शिंगांवरून एकदा इंग्रजी आठच्या आकारात फिरवावा आणि शेवटच्या फेरीत दोराला पीळ देऊन तो शिंगात अडकवावा. एवढे पुरते, आणि निघताना एका हाताने सुटतेही. पुढच्या-मागच्या दोरांखेरीज एक तिरका दोर बोटीच्या मध्यापासून धक्क्यावर मागे आणि एक पुढे बांधला, की येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींच्या लाटांनी आपली बोट पुढेमागे घासत नाही.

धक्का तरंगता आहे की खांबांवर पक्का बसवलेला आहे, हेही पाहून घ्यावे. तरंगता धक्का पाण्याबरोबर वरखाली होतो. पक्का धक्का तसा हलत नाही, त्यामुळे त्याला बांधताना दोरात थोडी ढील ठेवावी. सरोवराला भरती-ओहोटी नसते म्हणून पाण्याची पातळी स्थिर राहते, हा समज बरोबर नाही. वारा किंवा हवेचा दाब पाणी एका टोकाला लोटतो आणि तो कमी झाला की सगळे पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंदकळत राहते. सरोवरविज्ञानाचा पाया घालणारे स्विस संशोधक फोरेल यांनी एकोणिसाव्या शतकात जिनिव्हा सरोवरावर या हेलकाव्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. तिथे लांबीच्या दिशेने एक पूर्ण हेलकावा व्हायला सुमारे 73 मिनिटे लागतात, म्हणजे साधारण एका सावकाश जेवणाचा वेळ.

प्रश्न : जेवण येईपर्यंत मुले कंटाळतात, म्हणून आम्ही त्यांना धक्क्याजवळच पोहू देतो. लक्ष ठेवतोच. यात काही धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कृपया हे आजपासूनच थांबवावे. ज्या धक्क्यावर बोटींना वीज पुरवण्याची सोय असते किंवा दिव्यांच्या वायरी पाण्याजवळून गेलेल्या असतात, तिथे एखाद्या खराब जोडणीतून वीज पाण्यात झिरपू शकते. गोड्या पाण्यात हा धोका समुद्रापेक्षा जास्त असतो. खारे पाणी माणसाच्या शरीरापेक्षा चांगले वाहक असल्यामुळे तिथे प्रवाह शरीराला बहुतांशी वळसा घालून जातो. गोड्या पाण्यात मात्र शरीर हाच अधिक सोपा मार्ग ठरतो. प्रवाह थोडासा असला तरी स्नायू आखडतात, हातपाय हलेनासे होतात आणि चांगला पोहणाराही आवाज न करता बुडतो. कुणाला पाण्यात मुंग्या आल्यासारखे वाटले, तर त्याने धक्क्याच्या शिडीकडे न येता आल्या वाटेने दूर जावे. काठावरच्यांनी आधी वीज बंद करावी, तरंगणारी वस्तू फेकावी, आणि वीज बंद झाल्याशिवाय कुणीही मदतीसाठी उडी मारू नये.

दुसरा धोका चालू इंजिनाचा. बोटीच्या पिछाडीला पोहण्यासाठी जी फळी असते, तिथेच इंजिनाचा किंवा जनरेटरचा धूर बाहेर पडतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट जोडला जातो. अमेरिकेतील लेक पॉवेल या जलाशयावर 2000 साली हाउसबोटीमागे पोहणाऱ्या दोन भावांचा याच वायूने मृत्यू झाला, आणि त्यानंतर हाउसबोटींच्या रचनेची कसून तपासणी झाली. डोके दुखणे आणि मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे. बोटीच्या डोलण्याने त्रास झाला तरी नेमके असेच वाटते, म्हणून ती दुर्लक्षित राहतात. इंजिन चालू असेपर्यंत पिछाडीच्या फळीवर कुणी बसू नये, पोहणे तर दूरच राहिले. मुलांना पोहायचेच असेल तर पोहण्यासाठी राखलेला, बोटींना मज्जाव असलेला काठ शोधावा.

प्रश्न : पाण्याकाठी बसायला उत्तम टेबल कोणते? आम्ही नेहमी अगदी कडेचे मागतो.

उत्तर : कडेचे टेबल छायाचित्रात सुंदर दिसते, पण तिथे वारा, चकाकी आणि कीटक या तिन्ही गोष्टी सर्वांत जास्त असतात. सूर्य खाली येतो तसा पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश वाढतो, म्हणून पश्चिमेकडे तोंड करून बसलेल्यांना उत्तरदुपारी समोरचे काही दिसत नाही. अशा वेळी पोलराइज्ड, म्हणजे चकाकी अडवणाऱ्या, काचांचा चष्मा उपयोगी पडतो. मला स्वतःला कडेपासून दुसरी रांग आवडते. एका बाजूला भिंत किंवा झाडांचा आडोसा असावा आणि तिथून आपली बोट दिसावी. बोट नजरेत असली की वारा फिरल्याचे, दोर सैल झाल्याचे वेळीच कळते.

संध्याकाळी दिव्यांभोवती जमणारे चिलटांसारखे थवे पुष्कळदा डासांचे नसतात. सरोवराच्या तळाशी वाढणाऱ्या, न चावणाऱ्या माश्यांचे असतात. त्या पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे अधिक येतात आणि त्यांना जोराने उडता येत नाही. म्हणून पिवळसर दिव्याखालचे आणि पंख्याजवळचे टेबल मागावे.

काठाचे पाणी हिरव्या रंगासारखे दाट दिसत असेल आणि कुजका वास येत असेल, तर ते निळ्या-हिरव्या शेवाळाचे, म्हणजे सायनोबॅक्टेरियाचे, लक्षण असू शकते. त्यातली काही विषे पाणी उकळूनही जात नाहीत. ऑगस्ट 2014 मध्ये ईरी सरोवरातील अशा विषामुळे अमेरिकेतील टोलेडो शहराच्या परिसरातल्या चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी न पिण्याची सूचना देण्यात आली होती. असे पाणी दिसले तर मुलांना आणि पाळीव कुत्र्यांना त्यात जाऊ देऊ नये. कुत्री अंगावरचे पाणी चाटतात आणि त्यांना बाधा लवकर होते.

प्रश्न : जेवणाबरोबर एखादा पेला मद्य घेतला तर बोट चालवायला हरकत नसावी, असे आमच्यातल्या काहींचे म्हणणे आहे. पाण्यावर कुठे वाहनांची गर्दी असते?

उत्तर : माझे म्हणणे स्पष्ट आहे : जो बोट चालवणार आहे त्याने एकही पेला घेऊ नये. ऊन, वारा, इंजिनाची थरथर, आवाज आणि सततचे डोलणे यांनी काही तासांत माणूस इतका थकतो, की मद्य न घेताही त्याच्या प्रतिक्रिया मंदावतात. त्यावर घेतलेला पेला घरी घेतलेल्या पेल्यापेक्षा जास्त चढतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत, मनोरंजनासाठीच्या नौकानयनातील मृत्यूंच्या ज्ञात कारणांमध्ये मद्य वर्षानुवर्षे अग्रस्थानी आहे. पाण्यावर रस्त्याच्या रेषा नसतात, दिवे नसतात, बोटीला ब्रेक नसतात. गर्दी नसण्याने या उणिवा भरून निघत नाहीत.

प्रवाशांनीही बेताने घ्यावे. लहान बोटीतून पाण्यात पडणारा माणूस पुष्कळदा उभा राहिलेला, काठावरून वाकलेला किंवा जागा बदलणारा प्रवासीच असतो. ज्यांना घ्यायचेच आहे त्यांनी सर्वांच्या परतीसाठी प्रवासी फेरीबोट निवडावी. काही सरोवरांवर तर जेवणाची सोय असलेल्या मोठ्या बोटीच फिरतात. जिनिव्हा सरोवरावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात बांधलेल्या, चाकाच्या वल्ह्यांनी चालणाऱ्या जुन्या बोटी आजही प्रवाशांना घेऊन जातात. अशा बोटीवर बसून जेवण्यात जो निवांतपणा आहे, तो सुकाणू धरणाऱ्याला कधीच मिळत नाही.

प्रश्न : लाइफ जॅकेट जेवायला उतरताना काढतो, आणि परतताना मुले ते पुन्हा घालायला तयार नसतात. पोट भरलेले असते, ते टोचते, असे म्हणतात. सगळ्यांना पोहता येत असेल तर बोटीत हाताशी ठेवले तरी चालेल ना?

उत्तर : नाही. बोट उलटते तेव्हा हाताशी ठेवलेले जॅकेट हाती लागत नाही आणि लागले तरी पाण्यात ते घालणे अतिशय कठीण असते. अमेरिकी तटरक्षक दलाच्याच नोंदींनुसार, बोटींच्या अपघातांत बुडून मरण पावलेल्या दर दहांपैकी आठांहून अधिक जणांच्या अंगात जॅकेट नव्हते. पोहता येण्याचा भरवसा थंड पाण्यात टिकत नाही. कॅनडातील संशोधक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी थंड पाण्याविषयी एक ठोकताळा सांगितला आहे : पहिले एक मिनिट श्वासावर ताबा मिळवण्यात जाते, पुढची दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास लागतो. म्हणजे गारठून बेशुद्ध होण्याच्या कितीतरी आधी हात निकामी होऊन माणूस बुडतो, आणि जॅकेट नेमका हाच काळ तारून नेते. समशीतोष्ण प्रदेशांत वसंतात हवा उबदार असते, पण हिवाळाभर गारठलेले पाणी फार सावकाश तापते. त्या दिवसांत हवेकडे पाहून कपडे घालणारा माणूस हमखास चुकतो.

जॅकेट किती जोराने तरंगवते हे सांगणारा आकडा त्याच्यावर न्यूटन या एककात लिहिलेला असतो. 50 न्यूटनचे जॅकेट चांगल्या पोहणाऱ्याला, मदत जवळ असताना, फक्त तरंगायला साहाय्य करते. ते बेशुद्ध माणसाचा चेहरा वर वळवील अशी अपेक्षा धरता येत नाही. शांत, आडोशाच्या पाण्यासाठी 100 आणि मोकळ्या, लाटांच्या पाण्यासाठी 150 न्यूटनचे घ्यावे. मुलांच्या जॅकेटला डोके वर धरणारी कॉलर आणि पायांमधून जाणारा पट्टा हवाच. जॅकेट घालून झाल्यावर त्याचे दोन्ही खांदे धरून वर उचलावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर ते मुलाला मोठे होते. टोचण्याची तक्रार पुष्कळदा मापात नसलेल्या जॅकेटमुळेच असते. आणि मोठ्यांनी स्वतः घातल्याखेरीज मुलांना सांगू नये, हेही तितकेच खरे.

प्रश्न : जेवण लांबले आणि अंधार पडला तर परतताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : सर्वांत आधी, परतायचेच का याचा विचार करावा. फेरीबोट, काठावरून जाणारी गाडी किंवा मुक्कामाची सोय असेल तर बोट रात्रभर धक्क्याला ठेवायची परवानगी मागावी. बहुतेक ठिकाणी ती मिळते.

निघणे भागच असेल तर लगेच निघू नये. उजेडातून उठलेल्या डोळ्यांना अंधार नीट सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले तरी ती मेहनत वाया जाते. टेबलावरून उठून धक्क्याच्या अंधाऱ्या टोकाला थोडा वेळ बसावे, तेवढ्यात बोटीचे दिवे लागतात का ते तपासावे. बोटीच्या डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. पाण्यावरच्या टकरी टाळण्यासाठी 1972 साली झालेले आणि 1977 पासून अमलात आलेले आंतरराष्ट्रीय नियम समुद्रासाठी आहेत. पण बहुतेक सरोवरांचे नियम त्यांच्याच धर्तीवर असतात, म्हणून त्यांतला गाभा पाठ असावा. समोर लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर ती बोट थेट आपल्याकडे येत आहे. दोघांनीही उजवीकडे वळावे. उजव्या बाजूने आडव्या येणाऱ्या बोटीचा लाल दिवा दिसला तर वाट आपण द्यायची, म्हणजे वेग कमी करून तिच्या मागून जायचे. डाव्या बाजूने येणाऱ्या बोटीचा हिरवा दिसला तर वाट तिने द्यायची असते, तरी तिच्यावरून नजर काढू नये. फक्त पांढरा दिसला तर आपण कुणाच्या तरी मागून येत आहोत किंवा समोर नांगरलेली बोट आहे.

काठावरच्या उपाहारगृहांची रोषणाई हा रात्रीचा मोठा अडथळा असतो, कारण तिच्या पार्श्वभूमीवर छोट्या बोटीचे दिवे हरवून जातात. म्हणून काठाकडे तोंड करून येताना वेग चालण्याच्या गतीइतका ठेवावा आणि एका माणसाला फक्त समोर पाहण्याचेच काम द्यावे. वल्ह्याच्या होडीत बसणाऱ्यांनी पांढरा टॉर्च हाताशी ठेवावा आणि वेळीच दाखवावा.

इंजिन सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट विसरू नये. इंजिन आतल्या बाजूला असलेल्या पेट्रोलच्या बोटीत दिवसभर उन्हात उभी राहिल्यावर वाफ साचते. ती हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. हवा बाहेर फेकणारा पंखा किमान चार मिनिटे चालवावा, तळाचा वास घ्यावा, आणि मगच किल्ली फिरवावी. सुकाणूवरच्या माणसाने इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असावी. तो पडला तर इंजिन थांबते आणि बोट त्याच्यावर फिरून येत नाही.

प्रश्न : उरलेले जेवण बांधून आणले तर बोटीत किती वेळ टिकते?

उत्तर : शिजवलेले अन्न सामान्य हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि तापमान 32 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एकाच तासात संपवावे किंवा थंड करावे. बर्फ भरलेली पेटी सोबत नसेल तर बांधून घेऊच नये. उरलेले पाण्यात टाकणे तर अजिबात नको. काठाजवळ साचणारे अन्न शेवाळाला खत पुरवते आणि पक्ष्यांना माणसांच्या, म्हणजे बोटींना पुढे ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यांच्या, जवळ येण्याची सवय लावते.

प्रश्न : आमचे घर आणि लहानसे उपाहारगृह सरोवराच्या काठावर आहे. बोटींच्या लाटांनी टेबलांवर पाणी उडते, बांधलेल्या होड्या आपटतात, आणि रात्री दूरवरचा आवाजही घरात ऐकू येतो. बोटवाले म्हणतात, आम्ही वेग कमीच केला होता. खरे काय?

उत्तर : बोटवाले खोटे बोलत असतीलच असे नाही, ते चुकीच्या वेगाने जात असावेत. वेगाने धावणारी बोट पाण्यावर चढून सरकते आणि तिची लाट तुलनेने लहान असते. अगदी हळू चालणारी बोट पाणी कापत जाते, तिचीही लाट लहान असते. या दोहोंच्या मधल्या वेगात नाळ वर उचललेली आणि पिछाडी खाली रुतलेली असते, आणि सर्वांत मोठी लाट तेव्हा उठते. धक्क्याजवळ येऊन वेग अर्धा करणारा चालक नेमका या मधल्या अवस्थेत आपल्या टेबलांसमोरून जातो. वेग बराच आधी आणि पूर्णपणे, सुकाणू जेमतेम लागू राहील इतका, उतरवला पाहिजे. आपल्या लाटेने झालेल्या नुकसानीची जबाबदारी बोट चालवणाऱ्यावर असते, हे तत्त्व पुष्कळ ठिकाणी मान्य आहे. तेव्हा सरोवराच्या व्यवस्थापनाकडे काठापासून ठरावीक अंतरापर्यंत लाट न उठवण्याचा पट्टा मागावा, आणि त्याच्या सीमेवर, धक्क्यापासून चांगले लांब, खुणेचे तरंगते पिंप लावण्याचा आग्रह धरावा. इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरावर 2005 पासून दहा नॉटची, म्हणजे ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटरची, वेगमर्यादा लागू आहे. वेगाचे खेळ खेळणाऱ्यांनी तिला पुष्कळ विरोध केला होता, पण वल्हवणारे, शिडाच्या होड्यांचे आणि काठावर नुसते बसणारे लोकही त्या पाण्याचे हक्कदार आहेत, असे मला मनापासून वाटते.

रात्रीच्या आवाजाचे कारण हवेत आहे. संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड आणि तिच्या वरची उबदार असली, की वर जाणारा ध्वनी वाकून पुन्हा खाली येतो आणि सपाट पाण्यावरून फार दूर पोहोचतो. दिवसा जो आवाज शंभर पावलांवर विरतो, तो रात्री पलीकडच्या काठावर शब्दन् शब्द ऐकू जातो. आपल्या उपाहारगृहाचे संगीतही याच मार्गाने शेजाऱ्यांकडे जात असणार. ध्वनिवर्धकांची तोंडे पाण्याकडून काठाकडे वळवली आणि ते खाली टेबलांच्या उंचीवर आणले, तर पुष्कळ फरक पडेल.

प्रश्न : पुढच्या सुट्टीत हीच बोट आम्ही दुसऱ्या सरोवरावर नेणार आहोत. ट्रेलरवर चढवण्यापलीकडे काही करावे लागते का?

उत्तर : करावे लागते, आणि सरोवरांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने ते करावे असे माझे कळकळीचे सांगणे आहे. झेब्रा शिंपला हा नखाएवढा प्राणी जहाजांच्या तळातल्या पाण्यातून उत्तर अमेरिकेत आला आणि 1988 मध्ये सेंट क्लेअर सरोवरात आढळला. तिथून तो महासरोवरांत पसरला, पाणी खेचणाऱ्या नळांना आतून चिकटून ते तुंबवू लागला, आणि स्थानिक शिंपल्यांच्या अंगावर वाढून त्यांचा नायनाट करू लागला. मोठ्या जहाजांनी तो आणला, पण लहान एकाकी सरोवरांत तो पुष्कळदा ट्रेलरवरच्या बोटींबरोबर पोहोचला. त्याची पिल्ले इतकी सूक्ष्म असतात, की तळाशी राहिलेल्या पेलाभर पाण्यात ती कुणाला दिसत नाहीत.

बोट बाहेर काढल्यावर, सरोवराचा काठ सोडण्यापूर्वीच, पंख्यात, नांगराच्या साखळीत आणि ट्रेलरच्या चाकांत अडकलेली पाणवनस्पती हाताने काढून कोरड्या जागी टाकावी. तळाची बुचे उघडून सगळे पाणी तिथेच काढून टाकावे. आमिषाच्या डब्यातले आणि इंजिनातलेही. घरी आल्यावर गरम पाण्याने धुवावी आणि किमान पाच दिवस कडक वाळू द्यावी. ओले दोर, फेंडर आणि लाइफ जॅकेटांचे पट्टे शेवटपर्यंत दमट राहतात, म्हणून ते बोटीतून बाहेर काढून वेगळे टांगावेत.